बद्रुद्दीन तय्यबजींचा नियम

आपल्या संस्थांच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका वर्षानुवर्षे तीच असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, हिशेब तपासनीस नेमणे आणि सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. अनुभवी माणसे पहिल्या तीन विषयांच्या वेळी बाहेर चहा पीत उभी असतात आणि चौथ्याला आत येतात, कारण भांडण तिथेच व्हायचे असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशा एका शिक्षणसंस्थेचा मी सहचिटणीस होतो. वयाने लहान आणि अक्षर बरे, म्हणून प्रोसिडिंग लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. एका सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून ठराव आला, की आपल्या उर्दू शाळेला जोडून मराठी माध्यमाचे वर्ग सुरू करावेत. ठराव योग्य होता असे मला तेव्हा वाटत होते, आजही वाटते. अध्यक्षांनी विचारले, "मंजूर?" पुढच्या दोन-तीन रांगांतून आवाज उठला, "मंजूर, मंजूर!" तेवढ्यात मागून एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. या विषयाची नोटीस नव्हती, चर्चा झाली नाही, माझा विरोध आहे आणि तो लिहून घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "मास्तरसाब, बैठो अब. सबका हो गया ना?" मास्तरसाब बसले. मी वहीत लिहिले, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

दोन वर्षांत मास्तरसाब आणि त्यांच्याबरोबरची दहा-बारा माणसे बाहेर पडली. त्यांनी दुसरी संस्था काढली. आज त्या गावात समोरासमोर दोन फलक आहेत आणि दोन्हींकडे पुरेशी मुले नाहीत. फूट पडण्याची कारणे आणखीही असतील. पण मास्तरसाब जिवंत असेपर्यंत एकच गोष्ट बोलत राहिले. मराठीच्या वर्गांबद्दल ते फारसे बोलत नसत. "मेरा हाथ ऊपर था और वही में लिखा सर्वानुमते," असे ते म्हणत. ती वही मी लिहिली होती.

तेव्हापासून सभेच्या नियमांचा इतिहास हा माझ्या वाचनाचा विषय झाला. आपल्याकडे या नियमांना तांत्रिक बाब म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे. मुळात हे नियम कशासाठी निर्माण झाले आणि आपल्याच एका मोठ्या पूर्वजाने त्यांचा कसा उपयोग केला, हे सांगण्यासाठी हा लेख.

सभेचे व्याकरण सोपे आहे. कोणीतरी एक सूचना मांडतो, तो सूचक. दुसरा कोणी तिला पाठिंबा देतो, तो अनुमोदक. अनुमोदकाची गरज एवढ्यासाठीच, की एकट्या माणसाच्या लहरीवर सभेचा वेळ जाऊ नये. निदान दोघांना तरी तो विषय चर्चेच्या लायकीचा वाटला पाहिजे. सूचना सभेपुढे आली की ती सूचकाची खासगी मालमत्ता राहत नाही. ती सभेची होते. मग तिच्यावर चर्चा होते. कोणी उपसूचना आणली तर आधी उपसूचनेवर मत घ्यायचे, नंतर मूळ सूचनेवर. सूचना मंजूर झाली की तिचा ठराव होतो. मत आवाजी घ्या, हात वर करून घ्या की चिठ्ठ्या टाकून घ्या, पण बाजूने किती आणि विरोधात किती हे विचारल्याशिवाय मत घेतले असे म्हणता येत नाही. 'मंजूर?' एवढेच विचारणारा अध्यक्ष अर्धाच प्रश्न विचारतो. 'कोणाचा विरोध?' हा उरलेला अर्धा प्रश्न त्याने गिळलेला असतो.

या सगळ्याची गरज आपल्याला कोणी बाहेरून शिकवावी लागली, असे मानण्याचे कारण नाही. सल्लामसलतीला इस्लाममध्ये एवढे स्थान आहे की कुरआनच्या बेचाळिसाव्या सूरेचे नावच 'शूरा' आहे. उहुदच्या लढाईपूर्वी मदिनेत राहून लढावे असे खुद्द पैगंबरांचे (स.) मत होते. बाहेर पडून लढावे असे बहुतेकांचे, विशेषतः तरुणांचे म्हणणे पडले आणि पैगंबरांनी ते मान्य केले. लढाईत मुसलमानांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर जी आयत उतरली तिच्यात लोकांचा सल्ला घेणे बंद करा असे सांगितलेले नाही. त्यांना माफ करा आणि कामात त्यांचा सल्ला घेत जा, असाच तिचा आशय आहे. एकदा निर्णय चुकला म्हणून विचारण्याची रीत चुकीची ठरत नाही, हे आपल्याला इतक्या आधी सांगून झालेले आहे.

पुढे सन ६४४ मध्ये हजरत उमर (र.) मृत्युशय्येवर असताना नवा खलिफा निवडण्यासाठी त्यांनी सहा जणांची शूरा नेमली. अली, उस्मान, अब्दुर्रहमान बिन औफ, सअद बिन अबी वक्कास, जुबैर आणि तलहा. मुदत तीन दिवसांची. तबरी या इतिहासकाराने दिलेल्या हकिकतीनुसार त्यांनी हेही सांगून ठेवले होते, की मते तीन-तीन अशी विभागली तर अब्दुल्लाह बिन उमर यांनी निवाडा करावा. तो मान्य नसेल, तर ज्या बाजूला अब्दुर्रहमान बिन औफ असतील ती बाजू धरावी. अब्दुल्लाह हे उमर यांचे पुत्र. त्यांना सल्ल्याचा अधिकार होता, खलिफा होण्याचा नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर ठरलेले सभासद, ठरलेली मुदत, समसमान मते पडल्यास निर्णायक मताची सोय आणि ज्याच्या हाती निवाडा तो उमेदवार नाही, अशी ही रचना होती. अब्दुर्रहमान यांनी तर स्वतःची उमेदवारी मागे घेतली आणि ते मदिनेत लोकांची मते विचारत फिरले. पडद्यातल्या स्त्रियांचे आणि मकतबातल्या मुलांचेही मत त्यांनी विचारले, असे इब्न कसीर लिहितात. या वाक्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आज आपण संस्थांमध्ये जी सूचक-अनुमोदकाची पद्धत वापरतो ती मात्र इंग्लंडच्या पार्लमेंटमधून आली. पार्लमेंटच्या रीतिरिवाजांतून ती क्लब, मंडळे, कंपन्या आणि चर्चच्या समित्या यांच्यापर्यंत उतरली. या उतरण्याची एक गमतीदार कथा अमेरिकेतली आहे. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा सैन्यातला इंजिनिअर. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड या गावी एका चर्चमधल्या सभेचे अध्यक्षपद त्याच्यावर येऊन पडले. सभेत इतका गोंधळ झाला की त्याला काही सुचेना. नियम समजल्याशिवाय पुन्हा सभेला जायचे नाही असे त्याने ठरवले. पुढे तेरा वर्षांनी, १८७६ मध्ये, त्याने सभेच्या नियमांचे एक छोटे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले. चार हजार प्रती दोन वर्षे पुरतील असा त्याचा अंदाज होता. त्या काही महिन्यांतच संपल्या. अमेरिकेतले क्लब आणि संघटना अजूनही त्याच पुस्तकाच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर चालतात.

रॉबर्टच्या नियमांतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधी सूचना निम्म्याहून अधिक मतांनी मंजूर होते. पण 'चर्चा बंद करा आणि मत घ्या' ही सूचना मंजूर व्हायला दोन तृतीयांश मते लागतात. कारण ठराव हरणे वेगळे आणि बोलण्याचा हक्क जाणे वेगळे. एका मताच्या अधिक्याने तुम्ही मला हरवू शकता, पण तेवढ्यावर माझे तोंड बंद करू शकत नाही. खुद्द पार्लमेंटमध्येही हा प्रश्न याच सुमारास ऐरणीवर आला होता. १८८१ मध्ये आयर्लंडच्या मूठभर सभासदांनी नियमांचा आधार घेऊन सभागृहाची बैठक सलग ४१ तास लांबवली. अखेर स्पीकरने स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवली आणि १८८२ पासून चर्चा बंद करण्याचा रीतसर नियम आला. बहुसंख्याकांना काम पुढे न्यायचे असते, अल्पसंख्याकांना ऐकले जायचे असते. सभेचे सगळे नियम या दोघांमधला समझोता आहेत.

नेमक्या याच काळात मुंबईत एक मुसलमान बॅरिस्टर सभा चालवत होता.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १८४४ चा. खंबायतहून आलेल्या सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याचे हे चिरंजीव. लंडनला शिकून १८६७ मध्ये ते परतले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८७४ मध्ये थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आणि इतरांबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. इस्लाम क्लब आणि इस्लाम जिमखाना यांच्या उभारणीतही त्यांचा हात होता. १८८५ च्या जानेवारीत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, तिघेही वकील. त्या काळच्या मुंबईत या तिघांची नावे एका दमात घेतली जात.

अंजुमन असो, क्लब असो की असोसिएशन, या संस्था सूचना, अनुमोदन, ठराव याच रीतीने चालत. आपल्या लोकांना राज्यकारभाराचा अनुभव देणारी ती पहिली शाळा होती. कायदेमंडळात निवडून जाण्याची सोय नव्हती, पण समितीत हात वर करून मत देण्याची सोय झाली होती. मतदान हे आपण निवडणुकीच्या केंद्रावर शिकलो असे समजतो. प्रत्यक्षात ते आपण आधी अशा सभांच्या बाकांवर शिकलो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली. ७२ प्रतिनिधींत मुसलमान अवघे दोन. त्यांपैकी रहिमतुल्ला सयानी पुढे १८९६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दोन वर्षांनी, १८८७ च्या डिसेंबरमध्ये, मद्रासच्या अधिवेशनाला सहाशेहून अधिक प्रतिनिधी जमले आणि अध्यक्ष म्हणून तय्यबजींची निवड झाली. एवढ्या मोठ्या सभेत कोणते ठराव यावेत आणि कोणत्या शब्दांत यावेत हे आधी ठरवणारी विषय नियामक समिती याच अधिवेशनात प्रथम नेमली गेली. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुढच्या हकिकतीचे मूळ त्यात आहे. विषयपत्रिका ज्याच्या हाती, सभा त्याच्या हाती, हे सगळ्यांना कळून चुकले होते.

मद्रासचे अधिवेशन चालू असतानाच, २८ डिसेंबर १८८७ रोजी, लखनौमध्ये सर सय्यद अहमद खान यांचे भाषण झाले. काँग्रेसची मागणी होती की कायदेमंडळात लोकांनी निवडलेले सभासद असावेत. सर सय्यद यांनी साधा हिशेब मांडला. हिंदू हिंदूला मत देईल, मुसलमान मुसलमानाला, आणि हिंदूंची संख्या चौपट. त्यांनी फाशांच्या खेळाचा दाखला दिला. एकाच्या हातात चार फासे आणि दुसऱ्याच्या हातात एक, असा हा डाव होईल, असे त्यांचे म्हणणे. भाषणातल्या इतर पुष्कळ गोष्टी आज आपल्याला पटणार नाहीत. सामान्य घरातल्या माणसाने विद्वत्तेच्या जोरावर कायदेमंडळात बसावे हेही त्यांना रुचत नव्हते. पण फाशांचा प्रश्न खोटा नव्हता. जिथे एक गट कायमचा मोठा आणि दुसरा कायमचा लहान, तिथे बहुमताचा अर्थ काय राहतो? आज हरलेला उद्या जिंकू शकतो, या भरवशावर बहुमताची रीत उभी आहे. तो भरवसाच नसेल तर हरणाऱ्याने खेळात का बसावे?

या प्रश्नाला दोन उत्तरे शक्य होती. सर सय्यद यांचे उत्तर होते, खेळातच बसू नका. १८८८ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या विरोधात वेगळी संघटना उभी केली. कलकत्त्याला सय्यद अमीर अलींच्या संघटनेनेही काँग्रेसपासून दूर राहायचे ठरवले. तय्यबजींचे उत्तर वेगळे होते. खेळात बसा, पण नियम बदलून घ्या. १८८८ च्या सुरुवातीला त्यांनी या दोघांशी पत्रव्यवहार केला. त्यांचा युक्तिवाद वकिली थाटाचा, शांत आणि नेमका आहे. मुसलमानांना अपायकारक ठराव काँग्रेसमध्ये येईल अशी भीती असेल तर बाहेर राहून तो थांबणार नाही, आत राहूनच थांबवता येईल. आणि असा ठराव आलाच, तर आपण स्वतः सर्व शक्तीनिशी त्याला विरोध करू, हेही त्यांनी स्पष्ट केले.

पण एका माणसाच्या आश्वासनावर समाजाने विसंबून राहावे, हे त्यांच्यातल्या कायदेपंडिताला पुरेसे वाटले नाही. आश्वासन माणसाबरोबर जाते, नियम संस्थेत राहतो. त्यांच्या आग्रहातून १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तेरावा ठराव मंजूर झाला. त्याचा आशय तीन भागांत सांगता येईल.

पहिला भाग प्रवेशाचा. हिंदू प्रतिनिधींनी किंवा मुसलमान प्रतिनिधींनी एक गट म्हणून, एकमताने किंवा जवळजवळ एकमताने, एखादा विषय मांडण्यालाच हरकत घेतली, तर विषय नियामक समितीने तो चर्चेला घेऊ नये आणि अध्यक्षांनीही त्याला परवानगी देऊ नये. दुसरा भाग निर्णयाचा. विषय चर्चेला आला आणि चर्चेअंती असे दिसले की दोहोंपैकी एका समाजाचे प्रतिनिधी जवळजवळ एकमताने विरोधात आहेत, तर तो ठराव सोडून द्यावा. तिसरा भाग मर्यादेचा. ज्या विषयांवर काँग्रेसने आधीच निश्चित मत दिले आहे त्यांना हा नियम लागू नाही.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या शब्दांमागची तोलूनमापून केलेली रचना दिसते. नियम दोन्ही समाजांना सारखा लागू आहे, त्यामुळे ती कोणाला दिलेली खैरात ठरत नाही. 'जवळजवळ एकमताने' ही अट असल्यामुळे चार-दोन नाराज माणसे सगळ्या सभेला ओलीस धरू शकत नाहीत. जुन्या ठरावांना हात लावता येत नाही, त्यामुळे संस्था मागे जात नाही. आणि हरकत घ्यायची तर प्रतिनिधी म्हणून सभेत हजर असावे लागते. घरी बसून नकार देण्याची सोय त्यात नाही. सर सय्यद यांच्या फाशांना हे उत्तर होते. फासे चार विरुद्ध एकच राहतील, पण काही डाव असे असतील जे फासे टाकून खेळलेच जाणार नाहीत.

या नियमाने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. अलाहाबादला बाराशेहून अधिक प्रतिनिधी आले आणि त्यांत दोनशेहून अधिक मुसलमान होते. तरी समाजातला विरोध शमला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तय्यबजींनी ॲलन ह्यूम यांना पत्र लिहून सुचवले होते, की काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे तहकूब ठेवावीत. मुसलमानांत काँग्रेसवरून दोन तट पडत आहेत, हे त्यांना दिसत होते. ह्यूम आणि इतरांना ते मान्य झाले नाही. आयुष्यभर एकीसाठी झटलेल्या माणसाने काही काळ सभाच थांबवा असे म्हणावे, यात त्यांची व्यथा आहे. पण त्यांनी सभा मोडली नाही. आपले म्हणणे लिहून कळवले. ते नाकारले गेले, तरी ते काँग्रेसविरोधी गोटात गेले नाहीत. अल्पमतात असतानाही संस्थेत कसे राहावे, याचा हा नमुना आहे. पुढे १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तो मंजूर केला तो न्यायमूर्ती तय्यबजींनीच. १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, सभेचे नियम मोडले की काय होते, हे सगळ्या देशाने सुरतेत पाहिले. १९०७ च्या डिसेंबरमध्ये तापीच्या काठी काँग्रेसचा मांडव पडला. अध्यक्षपदासाठी डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी आरडाओरड होऊन सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली. निवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळाल्यावर आपल्याला तहकुबीची सूचना मांडायची आहे, असे तिच्यात होते. चिठ्ठीला उत्तर आले नाही. अनुमोदन झाले, निवड जाहीर झाली, घोष भाषणाला उभे राहिले आणि टिळक व्यासपीठावर चढले. व्यासपीठावरून सांगण्यात आले की निवड झाली, आता तुमची सूचना नियमबाह्य. टिळकांचे म्हणणे, निवडच रीतसर झालेली नाही, मी प्रतिनिधींकडे दाद मागतो. तेवढ्यात एक दख्खनी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांना लागला. मग काठ्या आणि खुर्च्या. अखेर पोलिसांनी मांडव रिकामा केला.

जहाल बरोबर की मवाळ, हा वाद अजून चालू आहे. सभेच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न एका चिठ्ठीचा होता. सूचना आधी मतास टाकून पाडता आली असती. नियमबाह्य ठरवायची तर तेही आधी, कारण देऊन करता आले असते. उत्तरच न देणे ही चूक आणि जोडा हे त्या चुकीला मिळालेले आणखी वाईट उत्तर. त्या दिवशी पडलेली फूट सांधायला नऊ वर्षे लागली.

ती सांधली गेली लखनौला, १९१६ मध्ये. आणि तिथे तय्यबजींचा नियम पुन्हा भेटतो. मधल्या काळात, १९०८ च्या काँग्रेस घटनेत, 'जवळजवळ एकमताने' या मोघम शब्दांच्या जागी तीन चतुर्थांश हे माप आले होते. लखनौ करारात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी तेच माप कायदेमंडळासाठी स्वीकारले. एखाद्या समाजाशी संबंधित विधेयकाला किंवा ठरावाला त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल, तर ते पुढे नेऊ नये. करारामागे एकीकडे टिळक होते, दुसरीकडे जिना. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका सभेच्या कामकाजासाठी केलेला नियम दोन पक्षांच्या कराराचे कलम झाला.

पुढच्या इतिहासाने या कलमाला वाचवले नाही. फाळणी झाली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत कोणत्याही समाजाला गट म्हणून असा नकाराधिकार नाही, आणि मला ते योग्य वाटते. पण त्यामागचे तत्त्व घटनेने टाकलेले नाही. मूलभूत हक्क साध्या बहुमताच्या हाती सोपवलेले नाहीत. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांची दोन तृतीयांश मते लागतात. आपल्या छोट्या संस्था ज्याखाली नोंदवल्या जातात त्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही संस्थेचा उद्देश बदलायचा तर खास सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि महिन्यानंतर दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी तो निर्णय पुन्हा कायम करावा लागतो. काही गोष्टी घाईने आणि एका मताच्या अधिक्याने करायच्या नसतात, हे शहाणपण आपल्या कपाटातल्या घटनेच्या प्रतीतही आहे. ती प्रत बाहेर काढून वाचायची राहते, एवढेच.

तय्यबजींच्या नियमात मला एक उणीव दिसते, तीही सांगितली पाहिजे. तो नियम समाजाला एक गट मानतो. हिंदू एक गट, मुसलमान एक गट. मोठ्या गटापासून लहान गटाचे संरक्षण तो करतो, पण लहान गटाच्या आत जो एकटा आहे त्याचे काय? मुसलमानांनी जवळजवळ एकमताने हरकत घेतली, म्हणजे ती कोणी घेतली? त्यात विणकर होता का, बागवान होता का, बाई होती का? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुसलमान स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. त्यांच्या मागण्यांबद्दल आपल्यात मतभेद होते आणि आहेत. पण आपले म्हणणे मांडण्यासाठी त्यांना राज्याच्या दारात जावे लागले, कारण जमातीच्या सभेत त्यांच्यासाठी बाकच नव्हता. अब्दुर्रहमान बिन औफ पडद्यातल्या स्त्रियांनाही मत विचारत फिरले, त्याला चौदाशे वर्षे होत आली. आपल्या किती संस्थांच्या हजेरीवहीत बायकांच्या सह्या सापडतात?

देशाच्या कारभारात आपण अल्पमतात आहोत. म्हणून अल्पमताचे ऐकले जावे, त्याची नोंद व्हावी, त्याला नोटीस मिळावी अशी मागणी आपण करतो, आणि ती रास्त आहे. पण ज्या खोलीत आपण बहुमतात असतो, त्या खोलीत आपण कसे वागतो यावरून त्या मागणीचे वजन ठरते. दुसऱ्याकडे मागायचा न्याय आधी आपल्या प्रोसिडिंगच्या वहीत दिसला पाहिजे.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. महत्त्वाचा विषय आयत्या वेळी आणू नये, त्याची आगाऊ नोटीस द्यावी. कोरम मोजावा. सूचना शब्दशः वाचून दाखवावी. 'बाजूने कोण' विचारल्यावर 'विरोधात कोण' हेही विचारावे आणि हात मोजावेत. अध्यक्षाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे. आणि एक जरी विरोध असला तरी तो नावासह लिहावा. असे केल्याने ठराव पडत नाही. उलट तो टिकतो, कारण हरलेला माणूसही मग त्याला आपल्या सभेचा ठराव म्हणतो.

मध्यंतरी त्या जुन्या संस्थेत काही कामाने गेलो होतो. ती वही अजून आहे. पाने पिवळी पडली आहेत, अक्षर माझेच आहे. कायम झालेल्या इतिवृत्तात कोणी मागाहून शब्द बदलू नये, हाही एक नियमच आहे आणि तो मी पाळला. पण तिथे काय लिहायला हवे होते ते मला आता माहीत आहे. 'ठराव बहुमताने मंजूर. विरोध एक.' आणि पुढे मास्तरसाबांचे नाव.